लो केलेल्या पिकअपला स्वतंत्र मागचं सस्पेंशन बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं लॅडर चेसिसच्या (दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉसमेंबर अशी शिडीसारखी चौकट), मागे पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, अखंड ॲक्सल असलेल्या पिकअपसाठी आहेत. गाडी आधीच खाली बसवलेली आहे किंवा बसवायची आहे, आणि आता मागे इंडिपेंडंट रिअर सस्पेंशन, म्हणजे आयआरएस, घालायचं मनात आहे, असं गृहीत धरलं आहे.

आयआरएस घातल्याने नेमकं काय बदलतं?

मूळ रचनेत दोन्ही मागची चाकं एकाच हाऊसिंगच्या दोन टोकांना असतात. डिफरन्शियल (पुढे नुसता डिफ), म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणारा गिअरसंच, त्याच हाऊसिंगच्या पोटात असतो आणि हा सगळा डोलारा पाट्यांवर बसलेला असतो. पाटे एकाच वेळी तीन कामं करतात. वजन झेलतात, ॲक्सलला जागेवर धरून ठेवतात आणि इंजिनाचा पीळ पचवतात.

आयआरएसमध्ये डिफ चेसिसला पक्का बसतो. त्याच्या दोन बाजूंनी हाफ शाफ्ट, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, निघतात आणि प्रत्येक चाकाला स्वतःचे आर्म, स्वतःची स्प्रिंग आणि स्वतःचा शॉकअप मिळतो. म्हणजे पाटे काढले की त्यांची तिन्ही कामं वेगवेगळ्या भागांना नेमून द्यावी लागतात. वजनासाठी स्प्रिंग हवी आणि चाक धरायला आर्म हवेत, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पीळ कोण पचवणार, हा प्रश्न मात्र राहून जातो. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण तुटणारी कामं बहुधा तिथेच तुटतात.

लो केलेल्या गाडीला याचा खास फायदा काय?

फायदे दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला जागेचा. अखंड ॲक्सलमध्ये डिफचा गोळा चाकांबरोबर वरखाली होतो, म्हणून त्याच्या वर प्रवासाएवढी मोकळी जागा सोडावी लागते. गाडी खाली बसवली की ही जागा थेट हौद्याच्या तळातून जाते, आणि म्हणूनच बऱ्याच लो पिकअपच्या हौद्यात मधोमध उंचवटा दिसतो. डिफ हलतच नसेल तर हौद्याचा तळ त्याच्या अगदी जवळ आणता येतो. होंडा रिजलाइनच्या हौद्याखाली सामानाचा कप्पा आहे. मागे अखंड ॲक्सल नसल्यामुळेच तिथे तेवढी जागा निघाली.

दुसरा फायदा चालीचा. लो गाडीत चाकाला वर जायला थोडाच वाव उरतो. तेवढ्यात धक्का जिरवायचा तर चाकासोबत हलणारं वजन कमी हवं. डिफ, त्यातली क्राउन-पिनियन ही गिअरची जोडी आणि हाऊसिंगच्या नळ्या हे सगळं वजन चेसिसवर गेलं की चाक हलकं होतं आणि रस्ता सोडत नाही. एका बाजूचा खड्डा दुसऱ्या बाजूच्या चाकाला तिरकं करत नाही. रिकामी पिकअप खराब रस्त्यावर मागून उडते आणि वळणात बाजूला सरकते, त्यामागे हेच जड ॲक्सल आणि माल गृहीत धरून केलेले कडक पाटे असतात.

मग प्रत्येक लो पिकअपला आयआरएस घालावं का?

नाही. माल वाहायचा असेल, ट्रेलर ओढायचा असेल किंवा सरळ रेषेत जोरात निघायचं असेल, तर अखंड ॲक्सल ठेवा. पाट्यांच्या जागी चार लिंक आणि ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड किंवा वॅट लिंक नीट बसवली, तर गाडी फार चांगली चालते. त्यात कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (वरून बघताना चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) आपोआप जागेवर राहतात, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. हौद्याचा तळ खाली हवा असेल, किंवा वळणात आणि खडबडीत रस्त्यावर गाडी शांत हवी असेल, तरच आयआरएसची मेहनत वसूल होते. गाडीखाली वाकून बघितल्यावर छान दिसतं, एवढ्या कारणासाठी चेसिस कापू नये.

गाडीची उंची आधी ठरवायची की सस्पेंशन बसवल्यावर?

आधी. सगळ्या कामाचं मूळ इथे आहे, म्हणून हे उत्तर सावकाश वाचा.

आयआरएस खाली बसवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, आखूड स्प्रिंग टाकून आर्म वरच्या बाजूला तिरके होऊ द्यायचे. दोन, आर्म मूळ कोनातच ठेवायचे आणि अख्खी सबफ्रेम, म्हणजे डिफ आणि आर्म धरणारी वेगळी चौकट, चेसिसमध्ये वर चढवायची. पहिला मार्ग सोपा आहे आणि चुकीचा आहे. आर्म वर तिरके झाले की चाकाची वरची कड आत झुकते, टो बदलतो, रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खाली जातं, हाफ शाफ्टचे सीव्ही जॉइंट (कोनातही फिरू शकणारे सांधे) कायम कोनात फिरतात आणि बंप स्टॉपपर्यंतचा (चाकाला वर थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंतचा) प्रवास संपत येतो. ज्या गाडीचं सस्पेंशन तुम्ही आणलं, तिच्या अभियंत्यांनी एका ठरावीक उंचीसाठी ते आखलेलं असतं. ती उंची म्हणजे हबचं (चाक ज्यावर बसतं त्या भागाचं) केंद्र आणि सबफ्रेम यांच्यातलं अंतर. जमिनीपासून किती, याच्याशी तिचा संबंध नाही. हे अंतर जपलं तर गाडी हवी तेवढी खाली बसवा, भूमिती शाबूत राहते.

कामाचा क्रम असा ठेवा. दाता गाडी, म्हणजे जिचं सस्पेंशन घेणार ती, चाकांवर उभी असतानाच, सुटी करण्याआधी, हबच्या केंद्रापासून सबफ्रेमच्या माउंटिंगपर्यंतचं उभं अंतर मोजा. लोअर आर्मचा कोन आणि डिफच्या तोंडाचा कोनही लिहून ठेवा. मग पिकअप शेवटच्या उंचीवर, पुढची चाकंसुद्धा शेवटचीच लावून, घोड्यांवर (स्टँडवर) पक्की उभी करा. जे टायर घालणार त्यांची वजनाखालची त्रिज्या घ्या. टायर दबतो, त्यामुळे छापील व्यासाच्या निम्मं धरलं तर हिशेब चुकतो. त्या त्रिज्येवर हबचं केंद्र येईल असे हब टेकवा आणि दाता गाडीचं माप मिळेपर्यंत सबफ्रेम वर न्या. ती चेसिसला, टाकीला किंवा हौद्याला जिथे अडेल, तिथे काय कापायचं ते ठरवा.

सबफ्रेम आधीच सुटी मिळाली आणि मूळ माप माहीतच नसेल तर?

त्या मॉडेलची उभी गाडी शोधून मोजणं सर्वांत चांगलं. ते जमलं नाही तर स्प्रिंग काढून चाक पूर्ण प्रवासात वरखाली करा आणि दर १० मिलिमीटरला टो आणि कॅम्बर लिहा. टो सगळ्यात कमी बदलतो तो पट्टा सापडेल. मूळ उंची बहुधा त्याच पट्ट्यात असते. नुसते आर्म आडवे दिसले म्हणून उंची बरोबर आहे असं मानू नका.

कॅम्बर आणि टो किती ठेवायचा?

रस्त्यावरच्या गाडीला मागे अर्धा ते एक अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाची वरची कड आत) आणि दोन्ही चाकं मिळून १ ते ३ मिलिमीटर टो-इन (चाकांची पुढची कड आत) ही सुरुवात ठीक आहे.

पण उभ्या गाडीतल्या आकड्यापेक्षा चाक हलताना तो कसा बदलतो हे जास्त महत्त्वाचं. मागचं चाक दबताना टो-आउट झालं, तर वळणात बाहेरचं चाक गाडीची शेपटी बाहेर ढकलतं. मागचा भाग हलका असलेल्या पिकअपमध्ये हे थेट धोक्याचं आहे. वर ५० आणि खाली ५० मिलिमीटर एवढ्या प्रवासात टो जवळपास स्थिर राहिला पाहिजे, आणि बदललाच तर दबताना टो-इनकडे जावा. अखंड ॲक्सलमध्ये हा प्रश्नच नसतो. त्यामुळे पाट्यांवर वर्षानुवर्षं काम केलेले हात इथे गाफील राहतात. स्प्रिंग बसवण्याआधी ही तपासणी करा, आणि तोपर्यंत ब्रॅकेट फक्त टॅकवर, म्हणजे ठिपक्यांच्या तात्पुरत्या वेल्डवर, ठेवा.

कोणत्या गाडीचं सस्पेंशन आणावं?

पाच-सहा नावं पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

जॅग्वारचं आयआरएस १९६१ मध्ये ई-टाइप आणि मार्क टेनसोबत आलं आणि पुढे एक्सजे मालिकेत अनेक वर्षं चाललं. पोलादी पिंजऱ्यात डिफ, प्रत्येक बाजूला दोन याप्रमाणे चार कॉइलओव्हर (शॉकअपभोवती बसवलेली स्प्रिंग), आणि हाफ शाफ्टच वरच्या आर्मचं काम करतो. पिंजरा काढून ते थेट चेसिसला बसवता येतं, म्हणून हॉट रॉडवाल्यांमध्ये (जुन्या गाड्या बदलून जोरदार करणाऱ्यांमध्ये) ते इतकं रुजलं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पहिली, ब्रेक डिस्क चाकाजवळ नसून आत डिफला चिकटून आहेत. त्यांची उष्णता डिफच्या सीलना खाते आणि पॅड बदलणं त्रासाचं होतं. हौद्याचा तळ खाली आणणार असाल तर डिस्कना वारा लागेल आणि हात पोहोचेल एवढी जागा सोडा. दुसरी, लोअर आर्मला पुढून धरणारे रेडियस आर्म हवेच. चकचकीत दिसावं म्हणून ते गाळलेल्या गाड्या आहेत. अशा गाडीत ब्रेक लावताना आर्मच्या आतल्या बिजागरीवर भलता पीळ येतो.

कॉर्व्हेटची चौथी पिढी, १९८४ ते १९९६. आर्म ॲल्युमिनियमचे, त्यामुळे हलकं काम. स्प्रिंग म्हणजे फायबरचा एकच आडवा पाटा. इथेही हाफ शाफ्ट वरच्या लिंकची भूमिका करतो. मुख्य गोम अशी की या कारमध्ये डिफचं नाक, म्हणजे पिनियनचं पुढचं टोक, चेसिसला बांधलेलंच नाही. गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत जाणारा एक लांब बीम पिनियनचा पीळ धरतो. पिकअपमध्ये तो बीम येत नाही, म्हणून नाकाला वेगळं मजबूत माउंटिंग करावंच लागतं. ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये साधारणपणे डाना ३६ आणि मॅन्युअलमध्ये डाना ४४ डिफ येतो. जोरदार इंजिन असेल तर दुसराच शोधा. पाचव्या पिढीचं मागचं काम घेऊ नका. तिथे गिअरबॉक्सच मागे डिफला जोडलेला आहे.

फोर्डचे ८.८ इंची डिफ असलेले संच माझ्या मते पिकअपला सर्वांत सोयीचे. लिंकन मार्क एट आणि १९८९ ते १९९७ च्या थंडरबर्डपैकी अनेक गाड्यांत ते मिळतात. ब्रेक बाहेर, चाकाजवळ, आणि शाफ्टना सीव्ही जॉइंट. १९९९ च्या मस्टँग कोब्राचा संच तर मुळात अखंड ॲक्सलच्या बॉडीत, त्याच माउंटिंगच्या जागी बसावा म्हणून आखलेला होता. आपल्यासमोर जो प्रश्न आहे तोच एका कारखान्याने कसा सोडवला, हे त्याची सबफ्रेम बघून शिकता येतं.

२००२ च्या पिढीचा फोर्ड एक्सप्लोरर आवर्जून बघा, संच घेणार नसलात तरी. लॅडर चेसिस आणि आयआरएस एकत्र आणताना तिथे चेसिसच्या पट्ट्यांना गोल खिडक्या ठेवून हाफ शाफ्ट त्यांतून पार नेले आहेत.

कुठलाही संच घ्या, पूर्ण घ्या. सबफ्रेम, आर्म, हब, शाफ्ट, ब्रेक आणि हँडब्रेकच्या केबल एकाच गाडीच्या असाव्यात. एका गाडीचा डिफ आणि दुसरीचे आर्म जुळवायला बसलात, तर भूमिती तुम्हालाच नव्याने आखावी लागते.

आयआरएस घातलं की सी-नॉच (चेसिसच्या पट्टीत ॲक्सलसाठी कापलेली खाच) लागत नाही, हे खरं का?

बहुतेक वेळा खोटं. गाडी पुरेशी खाली असेल तर हबचं केंद्र चेसिसच्या पट्टीच्याच उंचीवर येतं, म्हणजे हाफ शाफ्टला पट्टी ओलांडावी लागतेच. फरक आकारात पडतो. अखंड ॲक्सलची जाड नळी, वर यू-बोल्ट, आणि दोन्ही चाकं एकदम १०० मिलिमीटर वर गेली तर नळीही पट्टीपाशी तेवढीच वर जाते. हाफ शाफ्ट बारीक असतो आणि त्याचं आतलं टोक स्थिर असतं. पट्टी शाफ्टच्या साधारण मध्यावर असेल, तर चाक १०० मिलिमीटर वर गेल्यावर तिथे शाफ्ट सुमारे ५० मिलिमीटरच चढतो. खाच लहान पुरते. तरी चारही बाजूंनी मोकळीक ठेवा, आणि शाफ्ट कधी तुटलाच तर तो फिरून ब्रेकच्या पाइपवर आदळणार नाही अशी सोय करा.

डिफचं माउंटिंग किती मजबूत हवं?

हिशेब करून बघा. इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३ आणि फायनल ड्राइव्ह (डिफमधला गिअर रेशो) ३.५ असेल, तर हाफ शाफ्टवर मिळून ४२०० न्यूटन-मीटर येतात. तेवढाच उलटा पीळ डिफच्या हाऊसिंगवर येतो आणि त्याचं नाक वर उचलू पाहतो. पुढच्या आणि मागच्या माउंटिंगमध्ये ४० सेंटिमीटर अंतर असेल, तर नाकाच्या बोल्टवर १०,५०० न्यूटन, म्हणजे हजार किलोंहून जास्त वजनाइतका ओढा येतो. क्लच झटक्यात सोडला की याहूनही जास्त. पाटे हा पीळ वाकून पचवत होते. आता तो सरळ क्रॉसमेंबरवर येतो.

म्हणून नाकाचा क्रॉसमेंबर पातळ पत्र्याचा नको, आणि तो उघड्या सी-पट्टीच्या एकाच कडेला वेल्ड केलेला तर अजिबात नको. डिफच्या आसपास चेसिसची पट्टी चौथी बाजू लावून बंद करा, आणि क्रॉसमेंबर तिच्या पूर्ण उंचीला धरेल असा बसवा. माउंटिंग पुढे-मागे जितकी दूर, तितका प्रत्येकावरचा भार कमी.

डिफ मूळ गाडीत जितका कलता होता तितकाच ठेवा. कल बदलला की तेलाची पातळी बदलते आणि पुढच्या बेअरिंगला तेल कमी पडू शकतं. ब्रीदर (डिफमधली हवा जायची नळी) उंच जागी न्या.

प्रोपेलर शाफ्ट आणि हाफ शाफ्टचे कोन कसे साधायचे?

डिफ स्थिर असल्याने प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत जाणाऱ्या दांड्याचा) कोन एकदाच साधावा लागतो, ही मोठी सोय. गिअरबॉक्सचा आउटपुट आणि पिनियन एकमेकांना समांतर ठेवा, म्हणजे दोन्ही क्रॉस जॉइंटचे कोन सारखे राहतात. प्रत्येक जॉइंटवर १ ते ३ अंश ठीक. शून्य करायला जाऊ नका. अजिबात कोन नसेल तर क्रॉसमधल्या सुया एकाच जागी दबून खड्डे पाडतात. वरच्या कल जपण्याच्या सल्ल्याशी हे जमत नसेल, तर गिअरबॉक्सच्या माउंटिंगने तडजोड साधा.

हाफ शाफ्टची लांबी चाक पूर्ण खाली लटकलेलं असताना आणि पूर्ण दबलेलं असताना, दोन्ही टोकांना तपासा. आतला सीव्ही जॉइंट आत-बाहेर सरकतो. शाफ्ट लांब असेल तर तो तळाला टेकून डिफला ठोकतो, आखूड असेल तर निसटतो. सरकते जॉइंट साधारण २० ते २५ अंशांपर्यंत काम करतात, पण रोजच्या उंचीवर कोन जितका कमी तितकं आयुष्य जास्त. लटकणाऱ्या चाकाला मर्यादा घालायला पट्टा किंवा योग्य लांबीचा शॉकअप हवा.

संच पिकअपपेक्षा रुंद किंवा अरुंद असेल तर?

आधी चाकाच्या ऑफसेटने, म्हणजे चाक हबवर किती आत-बाहेर बसतं त्याने, सुटतं का बघा. रुंद संच आणि आत खोल बसणारं चाक ही जोडी सहसा जमते. शाफ्ट आणि आर्म कापून अरुंद करणं शेवटचा उपाय. जॅग्वारच्या रचनेत शाफ्ट आणि लोअर आर्म सारखेच कमी करून हे केलं जातं, पण आर्म आखूड झाला की चाक हलताना कॅम्बर जास्त वेगाने बदलतो. कापलेले शाफ्ट घरच्या घरी वेल्ड करू नका. योग्य पोलादाचे, उष्णतोपचार केलेले नवे करून घ्या.

कॉइलओव्हर की एअर बॅग?

एका उंचीवर चालवायची गाडी असेल तर कॉइलओव्हर. सोपे, भरवशाचे. स्प्रिंग निवडताना हे विसरू नका: ती आर्मवर चाकापर्यंतच्या अंतराच्या ६० टक्क्यांवर बसली असेल, तर चाकापाशी तिचा कडकपणा ०.६ चा वर्ग, म्हणजे ३६ टक्केच उरतो. चाकावर ३०० किलो येत असतील तर स्प्रिंगवर ५०० येतात, आणि वरच्या ब्रॅकेटवरही तेवढेच. शॉकअप फार आडवा लावला की त्याचा जोर आणखी घटतो.

उभी असताना गाडी जमिनीला टेकवायची हौस असेल, किंवा कधी रिकामी कधी भरलेली चालवायची असेल, तर एअर बॅग, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेची पिशवी. पण भूमिती चालवण्याच्या उंचीसाठीच साधा, टेकलेल्या उंचीसाठी नाही. टेकलेल्या अवस्थेत शाफ्टचे कोन मोठे होतात, त्यामुळे त्या उंचीवर गाडी हलवू नका. बॅग फुगलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा तिच्याभोवती सर्व बाजूंनी जागा हवी. वजन बंप स्टॉपवर टेकलं पाहिजे. बॅग, शॉकअप किंवा सीव्ही जॉइंट यांपैकी कोणीच स्टॉपचं काम करू नये.

बुश (सांध्यांतल्या मऊ नळ्या) रबरी ठेवावेत का?

रस्त्यावरच्या गाडीला हो. निदान सबफ्रेमचे तरी. डिफ थेट लोखंडाला आवळला की दातांचा आवाज केबिनमध्ये घुमतो. आर्मना पॉलियुरेथेन चालतं, पण दोन दिशांनी वळणाऱ्या बिजागरीत ते अडकतं, तिथे रबर किंवा गोलक जॉइंटच हवा.

ब्रेकचं काय?

मागचे ब्रेक बदलले की पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बदलतो. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला व्हॉल्व्ह असतो. माल वाढला, मागचा भाग दबला की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. ॲक्सल काढल्यावर ही दांडी लोंबकळत ठेवणं किंवा तारेने कुठेतरी बांधणं जीवघेणं आहे. ती लोअर आर्मला योग्य प्रमाणात जोडा, किंवा व्हॉल्व्ह काढून हाताने जुळवायचा बसवा. मग मोकळ्या, सुरक्षित जागी तपासा: जोरात ब्रेक लावल्यावर पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत. हँडब्रेक चढावर गाडी धरतो का, तेही बघा. एबीएस असेल तर मागच्या सेन्सरच्या चकतीचे दात मोजा.

गिअर रेशो जुळला नाही तर?

क्राउन-पिनियन बदला. सेडानचे रेशो पिकअपला अनेकदा फार लांब पडतात, आणि लो गाडीचे टायर लहान असले तर थोडी भरपाई होते. स्पीडोमीटर नव्याने जुळवा.

पहिल्याइतकाच माल भरता येईल का?

नाही, आणि इथे तडजोड नको. हब, बेअरिंग, आर्म हे सगळं एका कारच्या मागच्या वजनासाठी केलेलं आहे. दाता गाडीच्या मागच्या ॲक्सलला कंपनीने जितकं वजन मंजूर केलं, तीच तुमची नवी वरची मर्यादा. त्यातून रिकाम्या पिकअपचं मागचं वजन वजा करा. उरेल तेवढा माल. तो आकडा हौद्याच्या फळीवर रंगवून ठेवा, म्हणजे गाडी दुसऱ्या कोणी चालवायला घेतली तरी त्याला कळेल. चेसिस कापण्याआधी नोंदणी आणि तपासणीचे स्थानिक नियमही विचारून घ्या. काम झाल्यावर विचारलं तर उशीर झालेला असतो.

चेसिस कापताना वाकडं होऊ नये म्हणून काय करायचं?

कापण्याआधी चेसिस खालून पक्कं टेकवा आणि दोन्ही पट्ट्यांना तात्पुरते आडवे-तिरके आधार वेल्ड करा. ओळंबा सोडून चेसिसवरचे बिंदू जमिनीवर उतरवा, मधली रेषा आखा आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे हवेत. एक बाजू कापून, खाच बसवून, पूर्ण बांधल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावू नका. आधी सगळीकडे टॅक मारा, पुन्हा मोजा, मग थोडं थोडं वेल्ड करत बाजू बदलत राहा, म्हणजे उष्णतेने पट्टी ओढली जाणार नाही. जोडावर उभा सरळ सांधा ठेवण्यापेक्षा तिरका ठेवा आणि वर पट्टी चढवा. इंधनाची टाकी आणि पाइप आधी गाडीतून काढा. नुसती रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीहून जास्त भडकू शकते.

पहिल्यांदा बाहेर काढल्यावर काय तपासायचं?

बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळलेले आहेत ना, हे आधी. लटकत्या आर्मवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि उंचीही चुकीची दिसते. मग अलाइनमेंट, ब्रेक, आणि कमी वेगाने छोटी फेरी. परत आल्यावर डिफच्या सीलना हात लावून बघा, शाफ्टच्या रबरी बुटांवर घासल्याच्या खुणा शोधा, वेल्डजवळचा रंग तडकला आहे का पाहा. सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा आणि प्रत्येकावर रंगाची रेघ ओढा. काही दिवस रोज चालवल्यानंतर रेघ सरकलेली दिसली, तर तो बोल्ट नुसता आवळून सोडू नका. भोक मोठं झालंय की ब्रॅकेट वाकतंय, ते काढून बघा.